आईंच्या ताटात कळण्याची भाकरी राहू द्या

ताई, तुम्ही लिहिलंय की आई ५८ वर्षांच्या आहेत, अमळनेरजवळच्या खेड्यात राहतात. दोन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत साखर उपाशीपोटी १४८, जेवणानंतर २६२ आणि एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ८.४ आली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. तुम्ही पुण्याहून एक छापील आहारतक्ता पाठवलात: सकाळी ओट्स, दुपारी ब्राउन ब्रेड आणि सॅलड, रात्री सूप. आईंनी पंधरा दिवस तो नेटानं पाळला. मग एका दुपारी तव्यावरची गरम भाकरी आणि ठेचा घेऊन बसल्या, खाल्लं आणि रडल्या. "आते मी खाऊ तं खाऊ काय?" हा त्यांचा प्रश्न तुम्ही जसाच्या तसा मला कळवलात. वर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे आणि घरात पुरणाची तयारी सुरू आहे.

मी जळगावात बावीस वर्षं मधुमेहींच्या आहाराचं काम करते. असे तक्ते घडी करून पाकिटात घेऊन येणारी माणसं मला कायम भेटतात. तक्ता चुकीचा असतो असं नाही, पण तो ज्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेला असतो ते आईंचं स्वयंपाकघर नसतं. बाकीच्यांसाठी भाकऱ्या त्यांनीच थापायच्या, त्या सगळ्यांच्या ताटात वाढायच्या आणि आपण मात्र कोरडा पाव चावायचा, हे फार दिवस कुणालाच जमत नाही. जमलं नाही की माणूस स्वतःला दोष देतो आणि मग सगळंच सोडून देतो. आईंची साखर त्यांच्या घरच्याच जेवणावर आटोक्यात येऊ शकते. त्यासाठी ताटातली भाकरी लहान आणि तिच्या शेजारचं सगळं मोठं व्हायला हवं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचा तपशील.

पण तपशिलाआधी काही गोष्टी पाहून घ्या, कारण त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. आईंना गोळी कोणती आहे? एकटी मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती फारशी नसते. सोबत ग्लिमेपिराइड किंवा त्या गटातली दुसरी गोळी असेल, किंवा इन्सुलिन असेल, तर भाकरी कमी केल्यावर किंवा जेवण लांबल्यावर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस चिडचिडा होतो. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि अजून कमीच असेल तर तेवढीच पुन्हा द्यायची. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा. म्हणून जेवणात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा की आम्ही भाकरीचं प्रमाण उतरवतोय. बहुतेक वेळा तेच गोळीचा डोस बदलून देतात. दुसरं, मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे का? रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील तर मी पुढे डाळी-उडदाबद्दल जे सांगणार आहे ते तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नका. आणि तिसरं, आई अजून शेतात निंदायला, वेचणीला जातात का? दिवसभर उन्हात काम करणाऱ्या बाईचं आणि घरात बसून असलेल्या बाईचं ताट सारखं असू शकत नाही.

आता भाकरी. आपल्याकडे एक समज फार पक्का आहे की पोळीनं साखर वाढते आणि भाकरी कितीही चालते. ज्वारीचं पीठ आणि गव्हाची कणीक शेजारी ठेवून पाहिली तर १०० ग्रॅममध्ये दोन्हींत साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे पचल्यावर ज्याची साखर होते तो भाग. तंतू दोन्हींत भरपूर, प्रथिनंही जवळपास सारखी. म्हणजे धान्य बदलून फार काही साधत नाही. फरक पडतो तो आकारानं. शहरातली फुलक्याची पोळी पंचवीस-तीस ग्रॅम कणकेची असते. खानदेशातली हातावर थापलेली दादरची (आपल्याकडच्या ज्वारीची) भाकरी किती ग्रॅमची असते, ते घरात कुणी मोजत नाही.

मी मोजायला लावते. काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातले एक काका माझ्याकडे आले होते. "फक्त दोन भाकरी खातो, भात बंद, गोड बंद, तरी साखर उतरत नाही," हे त्यांचं गाऱ्हाणं. मी काकूंना सांगितलं, उद्या पीठ मळण्याआधी एका भाकरीचं पीठ किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून आणा. एका भाकरीला ११० ग्रॅम पीठ निघालं. दोन भाकऱ्यांचं २२० ग्रॅम, म्हणजे एका बैठकीत दीडशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. पोळ्यांच्या हिशेबात त्या सात-आठ पोळ्या होतात. काका खोटं बोलत नव्हते, खरंच दोनच भाकऱ्या खात होते. त्यांच्या जेवणातला एकही पदार्थ आम्ही काढला नाही. भाकरी ६० ग्रॅमवर आणली, सुरुवातीला दोन, मग दीड. पहिले आठ-दहा दिवस त्यांना भूक लागायची, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. ती भूक कशानं भागवायची तेच खरं काम आहे, त्याकडे येते.

आईंना एवढंच सांगा: एका भाकरीचं पीठ एकदा तोलायचं, त्या मापाची एक वाटी ठरवायची आणि रोज तीच वाटी वापरायची. ६० ग्रॅम पिठाची भाकरी तव्यावर छोटी दिसते, म्हणून ती जाड न थापता पातळ आणि मोठी थापावी. हाताला सवय व्हायला आठवडा लागतो. घरात काम न करणाऱ्या, जरा स्थूल बाईला मी एका जेवणात अशी एक भाकरी सुचवते, शेतात जाणाऱ्या बाईला दीड ते दोन.

कळण्याची भाकरी मात्र आवर्जून ठेवा. ज्वारीत साल असलेले काळे उडीद घालून दळलेल्या या पिठात आपल्या आजी-पणजींनी फार शहाणपणाचं काम करून ठेवलंय. प्रमाण घरोघरी वेगळं असतं, कुणी चाराला एक घेतं, कुणी तीनाला एक. उडदात ज्वारीच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात आणि कर्बोदकं कमी. तीनाला एक प्रमाण घेतलं तर ६० ग्रॅमच्या भाकरीत प्रथिनं सहावरून आठ ग्रॅमपर्यंत जातात, कर्बोदकं दोन-तीन ग्रॅमनं उतरतात. आकडा लहान आहे, त्यामुळे कळण्याची म्हणून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर काहीच उपयोग नाही. पण ती खरबरीत असते, सावकाश चावावी लागते, आणि पोटात बराच वेळ टिकते. दळणाच्या वेळी उडीद वाढवून दोनाला एक करता आले तर आणखी बरं. भाकरी थापताना थोडी तुटते, तर कोमट पाण्यानं मळा. गिरणीवाल्याला भरड दळायला सांगा, मैद्यासारखं बारीक पीठ लवकर पचतं आणि साखर लवकर वर नेतं.

भाकरी कमी झाल्यावर जी भूक उरते ती भरायला खानदेशाच्या स्वयंपाकघरात काय कमी आहे? गिलके, दोडके, वालाच्या शेंगा, मेथी, पोकळा, अंबाडी, पावसाळ्यात कटुर्ले. अडचण अशी की आपण भाजी भाकरीला लावण्यापुरती करतो. चार माणसांना पाव किलो गिलक्यांची भाजी, तीही रस्सा वाढवून. आईंच्या ताटात भाजीच्या दोन भरलेल्या वाट्या आल्या पाहिजेत, म्हणजे घरात भाजी दुप्पट आणावी लागेल. हा खर्च आहे, आणि तो मान्य करूनच मी सांगते. परसात जागा असेल तर गिलक्याचा आणि वालाचा एकेक वेल चढवा. सोबत एक वाटी घट्ट डाळ, तुरीची किंवा उडदाची, फोडणी कमी तेलाची. शिवाय ताक, काकडी, मुळा, कांदा.

थंडीत भरीत येईल तेव्हा आईंना पोटभर खाऊ द्या. वांग्यात साखर वाढवणारं जवळजवळ काही नसतं. तेलाकडे तेवढं लक्ष ठेवा. तेलानं साखर लगेच चढत नाही, पण वजन चढतं आणि वजन वाढलं की इन्सुलिनचं काम अवघड होतं. चार माणसांच्या भरताला तीन-चार चमचे तेल पुरतं, कांद्याची पात आणि कोथिंबीर सढळ हातानं घाला, दाणे मूठभर. शेतातल्या भरीत पार्टीला गेलात तर भरीत भाकरीसोबत घ्या, पुऱ्या टाळा.

खाण्याचा क्रम बदलणं हा एक बदल असा आहे की त्याला पैसे लागत नाहीत. आधी भाजी आणि काकडी-कांदा, मग डाळ, आणि भाकरी शेवटी. पोटात आधी तंतू आणि प्रथिनं गेली की मागून येणारं पीठ हळूहळू आतड्यात उतरतं आणि साखरेची उसळी बसकी होते. आपल्याकडे भाकरी कुस्करून त्यावर रस्सा ओतून खायची पद्धत आहे, त्यात हा क्रम राहत नाही. आईंना पहिल्याच घासापासून हे जमणार नाही. निदान एक वाटी भाजी नुसती, चमच्यानं खाऊन मग भाकरीला हात लावायचा, एवढं सुरुवातीला पुरे.

शेवभाजीबद्दल तुम्ही विचारलंय. शेव बेसनाची, त्यामुळे साखरेच्या दृष्टीनं ती ज्वारीपेक्षा बरी. पण ती तळलेली आहे आणि वरची तर्री तेलाची. माझ्या अनुभवात खरी गडबड वेगळीच होते: झणझणीत रस्सा समोर आला की माणूस नकळत एक भाकरी जास्त खातो. महिन्यातून दोनदा चालेल, भाकरी मोजून. त्यापेक्षा पाटवडीचा रस्सा मी जास्त सुचवते, कारण वड्या वाफेवर किंवा नुसत्या शिजवून होतात. वरण-बट्टीचं मात्र मी कुणालाच मोकळेपणानं सांगत नाही. गहू-मक्याचं घट्ट पीठ, वाफवून तळलेलं, वर तूप, आणि एक बट्टी किती पिठाची आहे हे कळतच नाही. लग्नकार्यात एक बट्टी, वांग्याची भाजी दुप्पट, भात नाही.

आता एक गोष्ट जी तुमच्या पत्रात नाही, पण मला तिचाच जास्त संशय आहे. आई दिवसातून चहा किती वेळा घेतात? खेड्यात पाहुणा आला की चहा, शेतावरून आलं की चहा, पापड लाटायला शेजारणी जमल्या की चहा. एका कपात दोन चमचे साखर धरली तर दहा ग्रॅम, चार कपांची चाळीस. म्हणजे ६० ग्रॅमच्या एका भाकरीइतकी कर्बोदकं त्या भाकरीशिवाय पोटात जातात, आणि तीही थेट साखरेच्या रूपात, अडवायला तंतू नाहीत. सोबत टोस्ट नाहीतर बिस्किट. गूळ घातला तर चालेल का, असं सगळे विचारतात. गूळही बहुतांशी साखरच आहे, रक्तातली साखर तोही तशीच वाढवतो. मी साखर एकदम बंद करायला सांगत नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा, महिन्या-दीड महिन्यात जीभ फिक्या चहाला सरावते. कप दोनच ठेवा.

इथवर थोडक्यात: डॉक्टरांना विचारून भाकरीचं पीठ तोलायचं, भाजी-डाळ दुप्पट करायची आणि आधी खायची, चहातली साखर उतरवायची. फक्त एवढ्यानं बऱ्याच घरांत जेवणानंतरचे आकडे खाली आलेले मी पाहिलेत.

केळ्याचा प्रश्न आपल्या भागात टाळताच येत नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातलं वांगं आईंनी मनसोक्त खावं, केळं मोजून. सोललेल्या मध्यम केळ्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, आणि केळं जसं पिकतं तसा त्यातला स्टार्च साखरेत बदलत जातो. डाग पडलेलं, मऊ केळं साखर झपाट्यानं वाढवतं. थोडं करकरीत, नुकतं पिवळं झालेलं अर्धं केळं, जेवणाला लागून न खाता दुपारी चारला, सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे, असं मी सांगते. शिकरण नको. कच्च्या केळ्याची भाजी करत असाल तर तिला भाजी न समजता भाकरीच्या हिशेबात धरा.

आता मापण्याबद्दल, कारण वर मी सांगितलेलं सगळं प्रत्येकाच्या शरीरात थोडं वेगळं वागतं. घरी ग्लुकोमीटर घ्या. रोज बोट टोचायची गरज नाही, पट्ट्या महाग असतात. आठवड्यातून दोन दिवस, एकाच जेवणाची जोडी तपासा: जेवायला बसण्यापूर्वी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. बहुतेक मोठ्या माणसांसाठी जेवणापूर्वी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य धरतात, फार वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी डॉक्टर ते सैल करतात. वहीत आकड्याशेजारी काय खाल्लं ते आईंच्याच शब्दांत लिहा: "कळणानी भाकर एक, गिलकानी भाजी दोन वाट्या". एका दिवशी जुन्या मापाची भाकरी, दुसऱ्या दिवशी नव्या मापाची, बाकी ताट तेच, असं एकदा करून बघा. स्वतःच्या रक्ताचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की मी तासभर बोलून जे पटत नाही ते एका मिनिटात पटतं. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात पट्ट्यांची डबी खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, खराब झालेल्या पट्ट्या चुकीचा आकडा दाखवतात.

आणि जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. रात्री अंगणात, नाहीतर गल्लीत, पंधरा मिनिटं चालायचं. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, जेवणानंतरचा आकडा त्यानं नक्की खाली येतो.

आता आखाजी. हा सण आईंच्या आयुष्यात काय आहे ते मला चांगलं माहीत आहे. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, आणि खापरावरची पुरणपोळी सगळ्या ताटांत पडते. त्या दिवशी आईंना वेगळं ताट वाढू नका. पण ताटात काय काय एकत्र येतं ते बघा: गुळाचं पुरण, गव्हाची पातळ पण परातीएवढी पोळी, आमरस, भात, कुरडया, भजी. यातल्या पोळी, रस, भात आणि कुरडई या चारही गोष्टी साखरच वाढवतात. आईंनी यातल्या दोन निवडायच्या. मी बहुतेकांना पोळी आणि रस निवडायला सांगते, कारण सणाचं मन त्यात असतं, भात तर रोजच मिळतो. खापराच्या पोळीचा चतकोर, त्यावर चमचाभर तूप. रस साखर न घालता अर्धी वाटी, साधारण १०० ग्रॅम, त्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. जेवणाची सुरुवात रशी (पातळ आमटी) आणि भाजीनं करायची, एखादं भजं चालेल. दुपारी जेवल्यावर झोक्यापर्यंत चालत जायचं. सकाळपासून "दुपारी जेवायचंय" म्हणून उपाशी राहू नका, विशेषतः ग्लिमेपिराइड चालू असेल तर अजिबात नाही. रात्री हलकं: ताक, एक वाटी डाळ, भाजी, अर्धी भाकरी. आणि उरलेलं पुरण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईंनी संपवायचं नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून घरातली बाई ते खाते, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. सणाच्या एका दिवसापेक्षा त्या पुढच्या तीन दिवसांनी साखर जास्त बिघडते. उरलेलं पुरण मुलांना द्या, शेजारी द्या, कमी करा.

श्रावणात कानबाई देवीच्या सणाला होणाऱ्या गव्हाच्या रोटांनाही हाच हिशेब. काही घरांत रोट पौर्णिमेपर्यंत चालतात, तिथे दिवसाचा वाटा आधी ठरवून तेवढाच काढून ठेवायचा. एकादशीला साबुदाणा नको, तो जवळपास निव्वळ स्टार्च आहे. भगर छोटी वाटी, शेंगदाण्याची आमटी मोठी, दही सोबत. गोळ्या चालू असताना निर्जळी उपास नको, आणि कोणताही उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आखाजीला तुम्ही माहेरी येणार असाल तर एक छोटा काटा आणि ग्लुकोमीटर सोबत घेऊन या. सणाच्या आदल्या दिवशी आईंच्या शेजारी बसा, भाकरीचं पीठ दोघींनी मिळून तोला, वाटीवर खूण करा. वहीतली पहिली नोंद तुमच्या हातानं लिहा, पुढच्या त्यांच्या हातानं होऊ द्या. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा आणि ती वही डॉक्टरांकडे नेताना आईंनाच हातात धरायला सांगा. मधल्या काळात उपाशीपोटीचा आकडा सलग काही दिवस २०० च्या वर राहिला, तहान-लघवी वाढली, वजन आपोआप उतरू लागलं किंवा पायाची जखम भरेना, तर तीन महिने थांबू नका, लगेच दाखवा.